नडगीपर्यंतचा निरोप

नुसतं पडून राहायचं, एवढंच काम होतं. पण नुसतं पडून राहणं म्हणजे काय दिव्य असतं, ते विब्के टाम्सेनला विचारावं. ल्युनेबुर्गच्या माळाकडेला, पूर्वी क्षयाच्या रोग्यांसाठी बांधलेल्या लांबलचक इमारतीत दहा धडधाकट पुरुष एप्रिलमध्ये पलंगावर आडवे झाले होते आणि जूनअखेरपर्यंत त्यांना उठायची बंदी होती. उठायची म्हणजे बसायचीसुद्धा. डोकं जरा खाली, पाय जरा वर, असे पलंग तिरपे केलेले. उशी नाही. जेवण आडवं, आंघोळ आडवी आणि बाकीचे विधीही आडवेच. अंतराळात गेलेल्यांच्या आणि वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेल्यांच्या शरीरात जे होतं, ते या गड्यांच्या शरीरात मुद्दाम घडवून आणायचं आणि बघत बसायचं, असा तो सगळा खटाटोप.

विब्के त्या बघत बसणाऱ्यांपैकी. उत्तर समुद्राच्या काठी, बांधावर मेंढ्या चारणाऱ्यांच्या घरात वाढलेली. सहा-सात वर्षांची असताना ताटातल्या दोन नळ्या दोन हातांत तोलून तिनं बापाला विचारलं होतं, की लंगड्या मेंढीचं हाड असं हलकं का. लंगडी म्हणून हाड हलकं झालं, की हाड हलकं म्हणून ती लंगडी? बाप म्हणाला, गप जेव. बापाच्या लेखी विषय संपला. पोरगी मात्र त्याच प्रश्नावर शिकली, डॉक्टरेट मिळवली, आणि अजून तीच नळी चोखत बसली होती.

आता एवढं तर सगळ्यांना कळलंय, की स्नायू म्हणजे हाडं ओढणारी नुसती दोरी नव्हे. राबणारा स्नायू हाडाला निरोप धाडत असतो. कसली कसली सूक्ष्म द्रव्यं त्यातून पाझरतात. काही रक्तातून दूरवर जातात, काही तिथल्या तिथे शेजाऱ्याकडे झिरपतात. हाडाच्या आत बसलेल्या पेशी ते निरोप ऐकतात, अंगावर पडणारा दाबही ओळखतात, आणि मग ठरवतात, बांधकाम चालू ठेवायचं की गवंड्यांना घरी पाठवायचं. हाडही मुकाट बसत नाही, तेही उलट निरोप धाडून स्नायूला जागं ठेवतं. दोघांचा संसार असा बोलण्यावर चाललेला. माणूस आडवा झाला, की आधी पोटऱ्या गप्प होतात. मग हाडाच्या पेशी 'काम बंद' सांगणारं द्रव्य सोडायला लागतात, आणि चांगलं मुरलेलं हाड विरघळून लघवीवाटे बाहेर पडू लागतं. कोणाचा निरोप नेमका कुठवर पोचतो, हे मात्र अजून नीट ठाऊक नाही. विब्केला तेच हवं होतं.

प्रोफेसर राउटेनबेर्गना वेगळं काही हवं होतं. त्यांनी एक इंजेक्शन काढलं होतं. 'काम बंद' म्हणणाऱ्या द्रव्याचं तोंड दाबलं, की माणूस पडून राहिला तरी हाड टिकेल, असा त्यांचा अंदाज. पाच जणांना ते इंजेक्शन, पाच जणांना नुसतं मिठाचं पाणी. आणि कोणाला काय, हे टोचून घेणाऱ्याला ठाऊक नाही, टोचणाऱ्याला नाही आणि विब्केलाही नाही. हे जमलं तर अंथरुणावरच्या लाखो म्हाताऱ्यांची हाडं वाचतील, असं प्रोफेसर इतक्यांदा म्हणत, की डोर्टे नावाची परिचारिका त्यांच्यामागे ओठांनी तेच वाक्य म्हणून दाखवायची.

इथला मुख्य नियम खांद्याचा. एक खांदा सतत गादीला टेकलेला हवा. जेवताना, कूस बदलताना, शिंकताना खांदा सुटला की कॅमेऱ्यात दिसलंच. कॅमेरा मात्र डोक्यापासून छातीपर्यंतचंच दाखवी. त्याखाली माणसाचं खासगी आयुष्य सुरू होतं, असं खासगीपणा जपायला नेमलेल्या अधिकाऱ्यानं ठणकावून सांगितलं होतं, आणि बैठकांवर बैठका घालून सगळ्यांनी ते मानलं होतं. नियम खांद्याचा, म्हणून कॅमेरा खांद्यावर. या चोखपणाचं सगळ्यांना भारी कौतुक. बाहेर पांढऱ्या ॲस्परॅगसच्या कोंबांचा हंगाम जोरात होता, सगळा प्रांत लोणी ओतून तेच खात होता, आणि आत अख्खी संस्था डोळ्यांत तेल घालून खांदे बघत होती.

त्या दहांत आन्सगार लोकाम्प होता. पंचेचाळिशीचा, जवळजवळ दोन मीटर उंच, पलंगात तो डोक्यापासून टाचेपर्यंत ठासून बसवल्यासारखा दिसे. बाकीचे तिरपेपणामुळे डोक्याकडे घसरत. याला घसरायला जागाच नव्हती. धंद्यानं तो चर्चमधला ऑर्गन वाजवणारा. नुसता वाजवणारा नव्हे, हाडाचा वादक. पण एम्सलांडातलं त्याचं चर्च माणसांअभावी बंद झालं, आणि भिंतभर नळ्यांचा तो ऑर्गन सुटा करून पोलंडला विकला गेला. नळ्या ट्रकमध्ये भरताना आपण तिथं उभे होतो आणि मजुरांना 'हळू, हळू' म्हणत होतो, हे त्यानं विब्केला पहिल्याच आठवड्यात हसत सांगितलं होतं. ते हसू काही खरं नव्हतं.

आता हेसेलडोर्फच्या मोठ्या चर्चमध्ये एक जागा निघाली होती. जुलैच्या मध्याला निवडीचं वादन. अशा जागा हल्ली निघत नाहीत. निघते ती गिळायला सगळे टपलेले. ही गेली तर त्याला शाळेत पोरांना बासरी शिकवायला जावं लागणार होतं, आणि ते सांगताना त्याचा चेहरा कारलं खाल्ल्यासारखा होई. निवडीच्या तोंडावर हा माणूस पडून राहायला आलाच कशाला, असं विब्केनं विचारलं होतं. तो म्हणाला, तोवर हाताशी ऑर्गन नाहीच, घरी नुसतं कुढत बसायचं ते इथं पडतो. उठल्यावर पाय दोन-तीन आठवड्यांत परत येतात असं तुमच्याच लोकांनी सांगितलंय. आणि रियाज मनातल्या मनात करीन. ऑर्गनवाल्याचं अर्धं वाजवणं पायांत असतं. हातांच्या पट्ट्या वर, पायांच्या पट्ट्या खाली, टाच नि चवडा, टाच नि चवडा, डोळ्यांनी न बघता.

महिना होत आला आणि विब्केची झोप उडाली. दर काही दिवसांनी गड्यांचे पाय एका गोल यंत्रात सरकवून पोटरी नि नडगी मोजली जाई. नऊ जणांची पोटरी हवा गेलेल्या फुग्यासारखी, नडगीचं हाड पातळ व्हायला लागलेलं. लोकाम्पची पोटरी होती तशी. नडगी होती तशी. हाड विरघळल्याची खूण त्याच्या लघवीतही इतरांपेक्षा कमी. प्रोफेसर मोजमापं बघून खुर्चीतून उठले आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. त्यांची पाठसुद्धा आनंदी दिसत होती. डोर्टेनं तर जाहीरच केलं, की सुई एकावर लागू पडली, बाकी चौघांवरही उशिरानं पडेल.

विब्केलाही आधी तसंच वाटलं. मग ती एका बाबतीत अडली, आणि अडली ती अडलीच. लोकाम्पची मांडी बाकीच्यांसारखीच आटली होती. खुब्याचं हाडही बाकीच्यांसारखंच घटत होतं, अगदी पहिल्यापासून. आता औषध रक्तातून गेलं तर ते नडगीला भेटेल आणि खुब्याला टाळेल, असं कसं होईल? रक्त काय ओळखीच्यांच्याच घरी जातं? औषध असतं तर सगळं हाड थोडं थोडं वाचलं असतं. इथं गुडघ्याखाली दिवाळी आणि वर अंधार. म्हणजे निरोप लांबून आलेला नव्हता. तो शेजारून झिरपत होता. पण शेजारी तर झोपलेला असायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर ती त्याच्या खोलीत गेली. लोकाम्प कानांवर हेडफोन लावून डोळे मिटून पडला होता. खांदे दोन्ही गादीला चिकटलेले, एकदम आज्ञाधारक. त्याला हाक मारावी म्हणून ती पलंगाच्या पायथ्याशी आली आणि सहज फळीवर हात टेकला. फळी हलत होती. आधी तिला वाटलं खालून गाडी गेली असेल. पण गाडी अशी जात नाही. फळीतून दबके ठोके येत होते, एक इकडे, एक तिकडे, मध्येच एक लांब दाब, सगळ्या जोरानं दिलेला, आणि पुन्हा घाईचे ठोके. डोकं एका फळीला, तळवे दुसऱ्या फळीला, आणि मध्ये पांघरुणाखाली हा गडी दिवसभर ऑर्गन वाजवत होता.

तिला हसू फुटलं. पाठोपाठ तिच्या अंगावर काटा आला, कारण मेंढीच्या नळीपासून विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर हाताखाली धडधडत होतं. तिनं त्याच्या तळव्याला पांघरुणावरून हात लावला. तो दचकला आणि त्यानं हेडफोन काढले.

"काय ऐकताय?" तिनं विचारलं.

"माझंच. गेल्या नाताळातलं. मनातल्या मनात रियाज चाललाय."

"मनातल्या मनात नाही, लोकाम्प. तुमचे पाय फळी बडवतायत."

त्याला ते पटेना. त्यात त्याची काही लबाडी नव्हती. सपाट पडलेल्या, उशी नसलेल्या माणसाला आपले पाय दिसत नाहीत. एप्रिलपासून त्यानं ते पाहिलेच नव्हते. पायही मनातच चाललेत, असं तो समजत होता. तिनं त्याला सगळं सांगितलं. पोटरी, नडगी, मोजमापं, शेजारचा निरोप. अशा वेळी ती बोलायला लागली की थांबत नसे. बोलता बोलता तिच्या लक्षात आलं, की लोकाम्प छताकडे बघतोय आणि त्याच्या तोंडावरचा रंग उतरलाय.

"पायानं फळी दाबली तर हाड राहतं?" त्यानं विचारलं.

"तुमचं राहिलेलं दिसतंय."

"नुसती फळी दाबून? पडल्या पडल्या?"

"अजून खात्री नाही देता येत. इंजेक्शनचाही काही वाटा असेल."

"खात्री कशानं होईल?"

"पाय थांबवल्यानं," विब्के म्हणाली, आणि म्हणून गेल्यावर तिला वाटलं, जीभ चावायला हवी होती.

प्रोफेसरांना सांगणं भाग होतं. ते आधी कॅमेऱ्यावर चिडले, मग खासगीपणाच्या अधिकाऱ्यावर, मग ऑर्गनवर, आणि शेवटी खुर्चीत बसून बराच वेळ हनुवटी चोळत राहिले. आपला सगळ्यात गोजिरा आकडा हातून निसटला, हे दुःख काही लहान नसतं, पण माणूस प्रामाणिक होता. म्हणाले, नियमाप्रमाणे त्याला घरी पाठवायचं. किंवा त्याची मर्जी असली तर फळी काढून, संगीत बंद करून त्याला पुढं ठेवायचं. मग काय होतं ते कळेल. पण हे त्याला नीट समजावून सांगा, टाम्सेनबाई, आणि काही लपवू नका.

तिनं काही लपवलं नाही. आज उठून घरी गेलात तर पोटऱ्या शाबूत आहेत, जुलैतलं वादन सुखात होईल. थांबलात आणि पाय गप्प ठेवलेत तर उरलेल्या आठवड्यांत पोटरी आटेल, नडगीही जाईल. उठल्यावर स्नायू लवकर भरतो. पण जुलैपर्यंत किती भरेल, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. हाडाला तर महिनोन्महिने लागतील. हे सांगताना तिच्या मनात दोन माणसं भांडत होती. एकाला वाटत होतं, यानं सरळ उठून घरी जावं आणि ती जागा मिळवावी. दुसऱ्याला वाटत होतं, यानं थांबावं. दुसरं जास्त जोरात बोलत होतं आणि त्याची तिला लाज वाटली.

"थांबतो," लोकाम्प म्हणाला. विचार करायला त्यानं एक दिवसही मागितला नाही.

"का?"

"तुमच्यासारखंच. बघायचंय मला." एवढं बोलून त्यानं भिंतीकडे तोंड केलं. हे सगळं उत्तर नाही, हे विब्केला कळलं, पण काही प्रश्न तिच्यासारखीलाही गिळावे लागतात.

फळी काढली. पायाखाली नुसती मोकळी हवा. सगळी वादनं त्याच्या यंत्रातून काढून टाकली, आणि त्याऐवजी त्यानं मागून घेतलं ते फुटबॉलचं समालोचन. आयुष्यात ज्याचा त्याला तिटकारा होता तेच, म्हणजे पाय चुकूनही ताल धरायचे नाहीत. डोर्टे त्याला चिडवायची, की आता तुमच्या पोटऱ्या एखाद्या संघाच्या बाजूच्या व्हायच्या. तो हसायचा, पण जेवण संपायला वेळ लागायला लागला. तोलून दिलेला नवलकोल तो पूर्वी एका घासात संपवायचा, आता काट्यानं टोचत बसायचा. आपल्या अंगात पहिल्यांदाच इतकी शांतता आहे, असं तो एकदा म्हणाला. ते ऐकून विब्के खोलीतून निघून गेली.

आणि तरी रोज सकाळी प्रयोगशाळेत जाताना तिची पावलं घाईनं पडायची. ते तिला स्वतःपासून लपवता आलं नाही. आठवडाही सरला नव्हता तोच लघवीतली खूण वर चढली. स्नायूचे निरोप रक्तात आधीच थोडे होते, ते आणखी आटले. 'काम बंद'वालं द्रव्य उसळलं. पुढच्या मोजणीत पोटरी घटली, त्यापुढच्या मोजणीत नडगी घटली, आणि जूनअखेरीला लोकाम्पची रेघ बाकी नऊ जणांच्या रेघांत जाऊन मिसळली. बदलली नाही ती एकच गोष्ट, आणि तीच विब्के पुन्हा पुन्हा बघत राहिली. खुब्याची रेघ. पाय वाजत होते तेव्हा ती जशी उतरत होती, पाय थांबल्यावरही तशीच उतरत राहिली. तिला कशाचाच फरक पडला नव्हता. पोटरीचा निरोप नडगीपर्यंतच जात होता. वर जात नव्हता.

उठायच्या दिवशी पलंग हळूहळू उभे केले. लोकाम्प उभा राहिला. एवढा मोठा पुरुष डोर्टेच्या खांद्याला धरून वासरासारखा पाय टाकत होता, आणि स्वतःच्या पायांकडे टक लावून बघत होता. विब्केला तिथं उभं राहवेना. मग रोज व्यायाम, पोहणं, टाचा उचलणं, जिने. स्नायू भराभर परत येत होते. पण जुलै त्याहून भराभर येत होता.

हेसेलडोर्फला ती रेल्वेनं गेली. बोलावलं कोणी नव्हतं. वादकाची जागा वर, मागच्या सज्ज्यात. निवड करणारे खाली बाकांवर, वर न बघता बसलेले. वाजवणाऱ्याचं नाव नाही, चेहरा नाही, फक्त नंबर. कोणी ओळखीनं वर जाऊ नये म्हणून ही पद्धत. तिसरा नंबर वाजायला लागला तेव्हा विब्केला संगीतातलं काही कळत नसूनही कळलं. हात सुरेख चालले होते, काही ठिकाणी बाकावरच्या लोकांनी माना डोलावल्या. मग दोन्ही हात थांबले आणि पायांचा एकट्याचा भाग आला. खालचे जाड सूर घाईनं चढत चालले, आणि डावी टाच मागं पडली. केसभर. पुन्हा केसभर. मग एक सूर आलाच नाही. समितीतल्या एका बाईनं पेन खाली ठेवलं. विब्केनं त्या डाव्या पोटरीचं चित्र शंभरदा पाहिलं होतं. उजवीपेक्षा ती नेहमी मागंच भरत होती. आपल्याच हातानं कोणाचा तरी पाय धरून ठेवल्यासारखं तिला वाटलं आणि तिनं मान खाली घातली.

जागा पाचव्या नंबरला मिळाली. मंडळी शेजारच्या घरात कॉफी-केकला गेली. लोकाम्प गोल जिन्याचा कठडा धरून सावकाश खाली उतरला, तिला बघून थबकला, आणि येऊन तिच्याच बाकावर बसला. ती माफी मागायला लागली तर त्यानं हातानं थांबवलं.

"आधी ते सांगा. मला काय टोचत होते?"

ते गेल्याच आठवड्यात उघड झालं होतं. "मिठाचं पाणी," ती म्हणाली.

"म्हणजे सगळं त्या फळीनंच केलं."

"हो. आता त्यात शंका नाही."

त्यानं डोळे मिटले. मग तो बोलायला लागला, तिच्याकडे न बघता. त्याच्या आईला अर्धांगाचा झटका आला होता. ती घरी पडून होती, आणि तिला बघायला तो एकटाच. व्यायाम शिकवणारी बाई येऊन सांगून गेली होती, की रोज दोन वेळा आईला पलंगाची फळी पायानं दाबायला लावा, ती नको म्हणाली तरी लावा. त्यानं काही दिवस लावलं. मग ईस्टर आला, तालमी सुरू झाल्या, तो सकाळी जायचा तो रात्री यायचा. आईही म्हणायची, आज राहू दे, तू दमलायस. राहू दे राहू दे करत ते राहूनच गेलं. एका सकाळी चादर बदलायला आलेल्या परिचारिकेनं तिला नुसतं कुशीवर वळवलं, आणि हाड मोडलं. त्यातून ती उठली नाही.

"मी तिकडं दिवसभर पाय चालवत होतो," तो म्हणाला, "आणि तिचे पाय चालवायला मला पाच मिनिटं झाली नाहीत. तुम्ही त्या दिवशी म्हणालात, फळी दाबून माझं हाड राहिलंय, तेव्हा वाटलं, झालं, माझी चूक आता कागदावरच आली. पण तुम्ही खात्री नाही म्हणालात. म्हणून थांबलो. जे काय असेल ते एकदाचं पक्कं कळू दे म्हटलं."

विब्केला सांत्वन करता यायचं नाही. बांधावरच्या त्या घरात ते कोणाला येतच नव्हतं. उलट तिच्या डोक्यात नेहमीचं चक्र फिरायला लागलं.

"कुठलं हाड मोडलं?" तिनं विचारलं.

तो चमकून बघायला लागला. "काय?"

"आईचं. कुठलं हाड?"

"खुब्याचं."

"नडगी नाही?"

"खुब्याचं म्हणतोय ना."

"मग ऐका," विब्के म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "पहिला महिना तुम्ही ती फळी दिवसभर दाबत होतात. पाच मिनिटं नव्हे, तासन् तास, अंगातल्या सगळ्या जोरानं. त्यानं तुमची नडगी वाचली. खुबा नाही वाचला. तुमचा खुबा बाकीच्या सगळ्यांसारखाच गेला, पहिल्या आठवड्यापासून. पाय थांबवल्यावर नडगी गेली, पण खुबा जसा जात होता तसाच जात राहिला. फळी दाबलेली त्याला कळतच नव्हती. तुम्ही थांबला नसतात तर हे मला सांगता आलं नसतं."

"म्हणजे आईचा..."

"तुमच्या आईला मी मोजलेलं नाही. एका माणसावरून सगळ्या जगाचं सांगू नका म्हणून प्रोफेसर माझा कान धरतील. पण तुमच्यासारख्या दांडग्या माणसाचा खुबा दिवसभर फळी बडवून वाचला नाही. तिचा दोन वेळा पाच-पाच मिनिटांत कसा वाचला असता?"

लोकाम्पनं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. आत्तापर्यंत ताठ ठेवलेली ती लांबलचक पाठ हळूहळू वाकली, आणि तो रडायला लागला. लपवून नव्हे, मोठ्यानं, त्या रिकाम्या चर्चमध्ये घुमेल इतक्या मोठ्यानं. विब्के शेजारी बसून राहिली. बऱ्याच वेळानं त्यानं बाहीनं तोंड पुसलं.

"पुन्हा सांगा," तो म्हणाला. "सावकाश सांगा."

तिनं पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.